मोडीत घालायची घाई करू नका

पत्र : काकू, नमस्कार. मी अकरा वर्षं पॅरिसमध्ये राहते. आमच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक मादाम एकट्या राहायच्या. त्यांचा बाजारहाट, औषधपाणी सहा वर्षं मीच बघितलं. फेब्रुवारीत त्या गेल्या. मृत्युपत्रात त्यांनी माझ्या नावे एक सोन्याची तपकिरीची डबी ठेवली आहे. लंबगोल, आठेक सेंटिमीटर लांब, गडद निळा मीना, झाकणावर फुलांची माळ घेतलेल्या बाईचं चित्र. आतून झाकणाला आणि तळाला तीन-तीन बारीक छाप आहेत, मुकुटवाले. कडेला आणखी एक आहे, घुबडासारखा. एका कोपऱ्यात मीना उडालाय. मादामचा भाचा म्हणतो, "सोनाराला दाखवली, अठरा कॅरेट आहे, वजनाचे पैसे लगेच देतो." नवरा म्हणतो, देऊन टाक, कटकट नको. सांगलीहून आई म्हणते, परक्याचं सोनं घरात ठेवू नये, आणि ठेवणारच असशील तर रिठ्याच्या पाण्यात घालून स्वच्छ कर, मीना जयपूरच्या कारागिराकडून भरून घे. ही खरंच जुनी फ्रेंच डबी आहे का? आणि मी करू काय? – एक वाचक, पॅरिस

उत्तर : सप्रेम नमस्कार. आधी तो रिठा बाजूला ठेवा. मग भाच्याला सांगा, "जरा थांब." बाकीचं सावकाश बघू.

तुमचं पत्र वाचताना मला माझी आजी आठवली. तिची डबी जर्मन सिल्व्हरची, चपटी, कनवटीला खोचलेली. उघडायच्या आधी ती झाकणावर दोन बोटांनी टकटक करायची. मला वाटायचं ती सवय आहे. मोठेपणी कळलं, टकटक केली की झाकणाला चिकटलेली तपकीर खाली बसते, उघडताना सांडत नाही आणि बिजागरीत अडकत नाही. व्हर्सायच्या दरबारातले लोकही डबी उघडण्याआधी हेच करायचे. फरक इतकाच की आजीच्या डबीला कोणी बघत नव्हतं, आणि त्यांची डबी मुळात बघण्यासाठीच होती. खिशातून काढायची, टिचकी मारायची, समोरच्याला चिमूटभर द्यायची आणि तेवढ्यात त्याने झाकण बघून घ्यायचं. सगळ्यात भारी डब्यांत तर कित्येकदा तपकीर पडलीच नसेल. तुमच्या डबीच्या आत तपकिरी डाग आहेत का, ते मात्र बघा.

आता भाच्याचा हिशोब. आपल्याकडे जुना दागिना मोडीत घातला की सोनार वजन करतो, घट धरतो आणि घडणावळ सोडून देतो. घडणावळीचे पैसे परत मिळत नाहीत, हे लहान पोरीलाही ठाऊक असतं. भाचा तुम्हाला हेच गणित सांगतो आहे. पण अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या डबीत सोन्यापेक्षा घडणावळच मोठी. एकाने सांगाडा आणि बिजागरी करायची, दुसऱ्याने कोरायचं, तिसऱ्याने मीना चढवायचा, चौथ्याने बोटभर चित्र रंगवायचं. छाप मात्र एकाचाच, सोनाराचा. मीनाकाराचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसतं. आणि विकणारा आणखी वेगळा. त्यांना मार्शां-मेर्सिए म्हणत. दिदरोच्या विश्वकोशात त्यांचं वर्णन आहे : सगळं विकणारे, काहीच न घडवणारे. लाझार द्युव्हो हा त्यांच्यातला एक. त्याची 1748 ते 1758 ची रोजकीर्द आजही शाबूत आहे, आणि पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर त्याची गिऱ्हाईक होती.

वजनावर विकण्याची बुद्धी काही आजची नाही, हेही सांगते. फ्रान्सचा राजा परदेशी राजदूतांना, सरदारांना हिरेजडित डब्या भेट द्यायचा. कित्येक जण ती डबी गुपचूप राजाच्याच जवाहिऱ्याकडे नेऊन रोख रक्कम घ्यायचे, आणि तीच डबी पुढच्या पाहुण्याला पुन्हा भेट जायची! सोनं-चांदी वितळवण्याचे हुकूमही निघाले. चौदाव्या लुईने 1689 मध्ये लढाईसाठी स्वतःची चांदी टाकसाळीत पाठवली, 1759 मध्ये पंधराव्या लुईच्या काळात पुन्हा तेच. जे उरलं ते कोणीतरी 'वजनावर देणार नाही' म्हणालं म्हणून उरलं.

आता छाप. भिंग घ्या, दहापटीचं मिळालं तर उत्तम, आणि दिवा तिरपा धरा.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधी पॅरिसच्या सोनाराला प्रत्येक वस्तूवर ठराविक क्रमाने छाप उठवून घ्यावे लागत. पहिला त्याचा स्वतःचा : मुकुटाखाली लिलीचं फूल, दोन बारीक ठिपके, नावाची आद्याक्षरं आणि त्याची खूण, मग ती चांदणी असो की पान की आणखी काही. ते दोन ठिपके नुसती सजावट नाहीत. कसात कायद्याने जी बारीक सूट मिळे, तिची ती खूण. दुसरा छाप कराच्या ठेकेदाराचा. राजाने कर वसुलीचा मक्ता दिलेला असे. डबी अर्धवट असतानाच तिच्यावर हा छाप पडे, म्हणजे सोनार कराला बांधला गेला. मग सोनारांच्या संघाच्या कार्यालयात कस तपासून वर्षाचं मुकुटवालं अक्षर उठे. हे अक्षर दरवर्षी बदलायचं, त्यामुळेच आज डबीचं साल सांगता येतं. आणि वस्तू पूर्ण झाली, कर भरला, की सुटकेचा छाप. हा सगळ्यात बारीक, कारण आता काम झालेलं असे आणि मोठा ठसा मारला तर नक्षी बिघडायची. तो बहुतेक वेळा कडेवर, आतल्या ओठावर सापडतो. पहिले छाप कच्च्या धातूवर पडत आणि त्यावर मागून घासकाम होई, म्हणून खऱ्या डबीत ते किंचित दबलेले, एका बाजूला पुसट असे दिसतात. ठेकेदार बदलला की छापही बदले. आलातेर, त्याच्यामागून फुआश, मग क्लावेल, आणि त्यानंतर क्रांतीच आली.

तुमच्या पत्रात तीन छाप आहेत, झाकणाला आणि तळाला सारखे. बाजूच्या भिंतीचं तुम्ही काही लिहिलं नाही. कडेला सापडला तो घुबड. सुटकेचा छाप मात्र नाही.

घुबड ही फ्रेंच सरकारची 1893 पासूनची खूण आहे. बाहेरून आलेल्या किंवा मूळ ठाऊक नसलेल्या सोन्यासाठी ती वापरतात. (फ्रेंच सोन्यावर गरुडाचं डोकं असतं, तेही 1838 नंतरचं.) म्हणजे 1893 नंतर कधीतरी ही डबी फ्रान्समध्ये विकली गेली, आणि तपासणाऱ्याला ती फ्रेंच असल्याची खात्री नव्हती. त्यात भाच्याच्या सोनाराचं 'अठरा कॅरेट'. क्रांतीपूर्व पॅरिसमध्ये डब्यांचं सोनं सव्वावीस कॅरेटचं ठरलेलं होतं. 750 म्हणजे अठरा कॅरेटचा कस फ्रान्सच्या कायद्यात आला तो 1797 मध्ये. सोनाराचा अंदाज चुकूही शकतो, म्हणून यावर मी शपथ घेणार नाही. पण तीन नीटनेटके मुकुटवाले छाप, सुटकेचा छाप गायब, घुबड आणि अठरा कॅरेट हे सगळं एकत्र ठेवलं की माझं बोट पॅरिसकडे न जाता हानाऊकडे जातं.

हानाऊ जर्मनीत, फ्रँकफुर्टच्या जवळ. 1597 मध्ये तिथे नवं गाव वसलं ते धर्मासाठी घरदार सोडून आलेल्या प्रॉटेस्टंट निर्वासितांचं, फ्रेंच आणि डच बोलणाऱ्यांचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले सोनार पॅरिसच्या धाटणीच्या डब्या करू लागले आणि त्यांच्यावर पॅरिसच्या छापांसारखे दिसणारे छापही मारू लागले. तिथल्या तुसँ बंधूंचं नाव आज लिलावात आदराने घेतात. तेव्हा 'नक्कल' म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडे एखादी पैठणी येवल्याची नाही, पैठणचीच आहे म्हणून खपवली, तरी विणकर विणकरच असतो. आणखी एक शक्यता जिनिव्हाची. तिथल्या मीन्यावर वरून काचेचा पारदर्शक थर असतो, चित्र पाण्याखाली असल्यासारखं चमकतं. तुमच्या डबीवरची बाई तशी दिसते का? तिरप्या उजेडात बघा.

उजेड धरलाच आहे तर निळ्या भागाकडे नीट बघा. मीन्याच्या खालून सोन्यावर सूर्यकिरणांसारख्या किंवा लाटांसारख्या अतिशय एकसारख्या रेघा दिसतील. लेथसारख्या यंत्रावर त्या कोरायच्या आणि त्यावर पारदर्शक काच चढवायची. डबी हलवली की निळा रंग पाण्यासारखा हलतो तो त्या रेघांमुळे. सोळाव्या लुईच्या काळात ही फॅशन होती. पॅरिसमध्ये ब्लेर्झी (1768 मध्ये सोनारांच्या संघात उस्ताद झाला), बारिएर आणि द्रे (दोघेही 1763) यांच्या दुकानांत अशा लंबगोल डब्या होत. त्याआधीच्या पिढीतला थोर सोनार म्हणजे झाँ द्युक्रोले, 1734 चा उस्ताद, दुकान प्लास दोफीनमध्ये. ही जागा तुमच्यापासून मेट्रोने जाण्याइतकी जवळ. शेजारच्या नदीकाठाचं नावच 'सोनारांचा धक्का' आहे, के देझोर्फेव्र. पुढे तिथे पोलिसांचं मुख्यालय आलं, सोनार गेले.

आईच्या सल्ल्याबद्दल आता स्पष्ट बोलते, रागावू नका. रिठा मोत्यांना, पाटल्यांना ठीक आहे. मीना म्हणजे काच. दळलेली काच, तिच्यात धातूंची भस्मं : कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा, कथिलाने दुधी पांढरा, सोन्याच्या क्षारापासून गुलाबी. हे सगळं सातशे-आठशे अंश सेल्सिअसला भट्टीत वितळून धातूला धरतं. जो रंग जास्त उष्णतेवर वितळतो तो आधी, नाजूक रंग शेवटी, आणि प्रत्येक भट्टीत तडा जायची भीती. तुमच्या डबीत कोपरा उडालाय, म्हणजे आजूबाजूला डोळ्यांना न दिसणारे तडे असणारच. पाणी त्यात शिरलं की मीन्याचे पापुद्रे सुटतात. झाकणावरचं चित्र मीन्यातलं नसून काचेखाली कागदावर किंवा चर्मपत्रावर पाण्याच्या रंगांत काढलेलं असेल, तर एका आंघोळीत ते संपेल. कोरडा, मऊ, रुंद ब्रश हलकेच फिरवा. बास.

जयपूरच्या कारागिराबद्दलही तसंच. तो उत्तम असेल, त्याच्या हाताला तोड नसेल. पण त्याला उडालेला तुकडा भरायला डबी पुन्हा भट्टीत घालावी लागेल. बिजागरीचं डाख, बाजूचे रंग, जुने तडे, सगळं एकदम उष्णतेत जाईल आणि कोपऱ्याच्या बदल्यात झाकण हातात येईल. संग्रहालयांतले लोक असा खड्डा थंड राळेने भरतात, जी नंतर काढूनही टाकता येते. किंवा सरळ तसाच ठेवतात. मी असते तर तसाच ठेवला असता.

पॉलिश तर अजिबात नको. वीसेक वर्षांपूर्वी मी घरची एक जुनी चांदीची पेटी चकचकीत करायला एका दुकानात दिली होती. परत आली ती आरशासारखी. आतला छाप मात्र घासून गेला होता. ती कोणी आणि कुठे घडवली हे आता कोणीच सांगू शकणार नाही. त्या दुकानदाराने मला सांगितलं, "मॅडम, डाग होता, काढला."

बिजागरीकडेही लक्ष द्या. चांगल्या डबीची बिजागरी बंद असताना दिसतच नाही, बोट फिरवलं तरी लागत नाही, आणि झाकण बंद होताना मऊ, भरीव 'टक' येतो. खडखडाट आला तर ती कधीतरी दुरुस्त झाली आहे. पण हे दहादा करून बघू नका, एकदाच. झाकणाला धरून उचलू नका. तळाखाली तळहात, हातात मोजे, टेबलावर टॉवेल.

आता कायद्याचं. तुम्ही मादामच्या नात्यातल्या नाही, त्यामुळे फ्रान्समध्ये अशा वारशावर 60 टक्के कर लागतो. सूट 1,594 युरोची, म्हणजे चहापाण्याची. मृत्यूनंतर सहा महिन्यांत वारशाचं विवरण भरायचं असतं. मादाम फेब्रुवारीत गेल्या, तेव्हा ऑगस्ट धरून चला. नोटेअरला, म्हणजे वारशाचं काम बघणाऱ्या कायदेतज्ज्ञाला, पहिला प्रश्न विचारा : मृत्युपत्रात माझा वाटा 'खर्च आणि करमुक्त' असा लिहिला आहे का? तसं लिहिलं असेल तर कर इस्टेटीतून जातो, म्हणजे मुख्यतः भाच्याच्या खिशातून. भाच्याच्या घाईचं मूळ इथेही असू शकेल, पण माणसाच्या मनात मी शिरत नाही.

दुसरं, किंमत लेखी घ्या. द्रुओ या पॅरिसच्या लिलावगृहात जा. तिथे लिलावदार वस्तू बघून अंदाज सांगतात, आणि सोन्याच्या डब्यांचा जाणकार वेगळा असतो, त्यालाच दाखवायला सांगा. नुसत्या वजनाची किंमत कागदावर लावली आणि उद्या डबी त्याच्या कितीतरी पट गेली, तर कर खातं तुम्हाला पत्र पाठवेल, भाच्याला नाही. विक्री करताना 'मौल्यवान धातू' म्हणून विकली तर 11.5 टक्के कर आणि 5,000 युरोवरची 'कलावस्तू' म्हणून विकली तर 6.5 टक्के. मोडीत घालणं इथेही महागच पडतं!

तिसरं, तुमची डबी कुठून आली याचा कागद. हे मी जरा जोरात सांगते. जून 2003 मध्ये इंग्लंडच्या वॉड्सडन मॅनरमधून शंभरावर सोन्याच्या डब्या चोरीला गेल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये तुमच्याच शहरात, कोन्याक-जे संग्रहालयात भर दिवसा कुऱ्हाडी घेऊन चोर शिरले आणि प्रदर्शनातल्या सात डब्या घेऊन गेले. त्यातल्या पाच पुढे परत मिळाल्या. तेव्हा अशी डबी घेऊन आलेल्या माणसाकडे आजकाल बाजार आधी संशयाने बघतो, मग भिंगाने. नोटेअरचं पत्र, मृत्युपत्राची प्रत, मादामच्या घरातल्या जुन्या फोटोत ती डबी कपाटात दिसत असेल तर तो फोटो, एखादी जुनी पावती, विम्याचा कागद, हे सगळं एका पाकिटात ठेवा. भाच्याला हेही विचारा की मादामकडे ती आली कुठून. त्याला गप्पा मारायला आवडत असेल तर फुकटात माहिती मिळेल.

भारतात आणायचा विचार असेल तर घाई नको. ठराविक किमतीच्या वरची जुनी वस्तू फ्रान्समधून बाहेर न्यायला सरकारचं प्रमाणपत्र लागतं. आणि इकडे आपला 1972 चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर न्यायला खाजगी माणसाला मनाई करतो. आणलीत आणि परत न्यायची म्हणालात, तर ती मुळात बाहेरून आली होती हे कागदांनी सिद्ध करत बसावं लागेल. डबी पॅरिसमध्येच राहू द्या.

मग विकायची की ठेवायची? माझं मत असं. जाणकाराने ती पॅरिसची, नाव असलेल्या सोनाराची सांगितली आणि कर तुमच्यावर आला, तर विका, पण लिलावात. कर भरण्यासाठी घर गहाण टाकावं असं मादामनाही वाटलं नसतं. हानाऊची निघाली तर किंमत कमी, करही कमी, आणि ती ठेवता येण्यासारखी आहे. तरीही सोन्याच्या वजनाच्या कितीतरी वरच राहील. भाच्याला खरंच आठवण म्हणून हवी असेल तर जाणकाराच्या आकड्याला द्या, तोही विचार करण्यासारखा आहे. फक्त आधी आकडा, मग भाचा.

आईला सांगा, परक्याचं सोनं आहे खरं, पण बाईंनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. परक्याचं सोनं ठेवू नये ही म्हण उसन्या आणि सापडलेल्या सोन्यासाठी आहे. त्यांना लूव्हरमधल्या, पंधराव्या लुईचा मंत्री ड्यूक श्वाझल याच्या डबीचा फोटो पाठवा. लुई रूसेलने ती 1770-71 मध्ये घडवली, आणि चित्रकार व्हान ब्लारेनबर्गने तिच्यावर ड्यूकच्या रिशेलिय रस्त्यावरच्या वाड्यातल्या खोल्या रंगवल्या. नखाएवढ्या भिंती, त्यांवर नखाच्या टोकाएवढी चित्रं, आणि ती कोणाची हे आजही ओळखता येतं. आईंना ते नक्की आवडेल, विशेषतः खोल्या आवरलेल्या आहेत हे.

डबीत थोडी तपकीर उरली असेल तर झटकून टाकू नका. बटर पेपरच्या पुडीत बांधून कागदांच्या पाकिटात ठेवा. आणि पुढच्या पत्रात दोन फोटो पाठवा : झाकणाच्या आतल्या ओठाचा, भिंगातून, आणि बाजूच्या भिंतीचा आतून. तिथे एखादा कणभर छाप असेल तर मी हानाऊबद्दल जे लिहिलं ते सगळं परत घेईन.

– तुमची काकू